चिमणीचं झाकण

माझ्या दादाच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, चष्मा नसतो. कागदाच्या पट्ट्या असतात. बोटभर रुंद, वीतभर लांब, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या कापलेल्या आणि रबरबँड लावून ठेवलेल्या. अडतीस वर्षं तो कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक होता. तिथे खोलीचं दार घट्ट बसतंय का ते बघायची एक रीत आहे. दारात कागदाची पट्टी ठेवायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर दाराचं रबर गेलं, गारवा गळतोय. अडकून बसली तर दार पास. कामावर सगळे त्याला ‘कागदवाले’ म्हणायचे. तो निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता पट्ट्या गेल्या. कसलं काय! तिकडच्या खोल्या संपल्या आणि आमच्या घरांची दारं सुरू झाली.

घरातल्या फ्रिजचं सोडाच, त्याने माझ्या शिलाई मशीनच्या पेटीलाही पट्टी लावून बघितलीये. नवा डबा घ्यायचा तर त्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि भर दुकानात डबा स्वतःच्या डोक्यावर उलटा धरायचा, हे करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दुकानदार बिचारा टॉवेल घेऊन उभा. दादाचं एकच ब्रीद, “गळती म्हणजे चोरी.” वहिनी म्हणते, “यांच्या तोंडालासुद्धा रबर बसवलंय. शब्द म्हणून गळत नाही.”

मी त्याची धाकटी बहीण. शिवणकाम करते. माझ्या जिभेला असलं काही बसवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता चिमणी. दादाची एकुलती एक लेक. लहानपणी दिवसभर चिवचिव करायची म्हणून चिमणी. आता तिशीला आली, अंगाने माझ्या दीडपट आहे, तरी चिमणीच. विम्याच्या ऑफिसात सात वर्षं नोकरी केली आणि त्या सात वर्षांतले सगळे रविवार माझ्या मागच्या अंगणात घालवले. एका जुन्या लोखंडी पिंपात कोळसा पेटवायचा, त्यावर फळझाडाच्या लाकडाचे तुकडे टाकायचे आणि मंद आचेवर, नुसत्या धुरात, तासन्‌तास कोंबडी शिजू द्यायची. जाळाचा स्पर्श नाही, घाई नाही. मला आधी वाटलं, पोरीला वेड लागलं. मग खाऊन बघितलं आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काय चीज असेल, ते समजून घ्या.

चार महिन्यांपूर्वी तिने नोकरी सोडली. म्हणाली, मी हेच करणार. दादा लाल झाला. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी! काम ते काम. हे असले नसते उद्योग रविवारी ठीक आहेत. नोकरी सोडलीस तर माझ्याशी बोलू नकोस!”

कुठल्याही शहाण्या मुलीने हे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असतं. बाप रागावतो, दोन दिवसांनी निवळतो. पण खाण तशी माती. चिमणी म्हणाली, “बरं.” बॅग भरली आणि माझ्याकडे राहायला आली. त्या ‘बरं’नंतर दोघांत एक अक्षर नाही. चार महिने! वहिनी रोज फोनवर मला विचारायची, “जेवली का ती?” आणि मागून दादाचा आवाज यायचा, “मी विचारलं म्हणून सांगू नको.”

तिच्या ऑफिसचे साहेब भले माणूस. त्यांनी सांगून ठेवलं होतं, महिनाअखेरपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो, एक तारखेच्या सोमवारी आलीस तर तुझी, नाही तर दुसऱ्याला देतो. आणि नेमकी त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, चिमणीची पहिली मोठी ऑर्डर. कोपऱ्यावरच्या गॅरेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकाने साठ माणसांना दुपारचं जेवण द्यायचं ठरवलं होतं. जमलं तर पुढे दर महिन्याला, म्हणाला.

“आत्या,” चिमणी मला म्हणाली, “रविवार जमला तर मी हेच करणार. नाही जमला, तर सोमवारी मुकाट ऑफिस. मग परत हा विषय काढायचा नाही.”

साठ माणसं पिंपात कशी मावणार? म्हणून तिने नवं कपाट मागवलं. हो, कपाटच. माणसाच्या उंचीचं, काळं, लोखंडी, एका दाराचं. दोन पत्र्यांच्या मधे जाड लोकरीसारखं काहीतरी ठासून भरलेलं, म्हणजे आतली ऊब आत राहते. खाली कोळशाची टोपली, तिच्यावर पाण्याचा ट्रे, मग एकावर एक जाळ्या, दाराच्या कडेने फ्रिजच्या रबरासारखी गोल फिरलेली पट्टी, खाली हवा आत घ्यायच्या दोन झडपा आणि डोक्यावर धूर बाहेर जायला छोटीशी चिमणी. आता घरात दोन चिमण्या झाल्या. यावरून पुढे जो घोळ झाला तो सांगतेच.

सोमवारी टेम्पो आला. मागचं फाटक अरुंद, म्हणून चार माणसांनी ते धूड माझ्या घरातून न्यायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीतून आलं. शिलाई मशीनला वळसा घालून आलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात बसलं ते बसलंच. मी आत, चिमणी बाहेर, मधे कपाट. गॅसवर दूध. चौघं हमाल घाम पुसत एकमेकांना नावं ठेवत होते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मी आतून दादाला फोन लावला.

“दादा, माझ्या दारात एक कपाट अडकलंय.”

“कसलं?”

“लोखंडी. दोन पत्र्यांच्या मधे लोकर भरलेलं.”

तिकडून हळूच आवाज आला, “दार कुठल्या बाजूला उघडतं?”

वीस मिनिटांत हजर. पायात दोन वेगवेगळ्या चपला. लेक समोर उभी होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट कपाटाच्या पाठीवर हात फिरवला, बोटाने टकटक केलं, कान लावला. “भरणी चांगली आहे,” म्हणाला, कपाटालाच. मग बिजागरीच्या खिळ्या काढून कपाटाचं दार वेगळं केलं, दोन जुन्या चादरी खाली घातल्या आणि पाच मिनिटांत कपाट सुळकन अंगणात. दूध तोवर उतू गेलं होतं.

मला वाटलं, झालं, आता जाईल. गेला नाही. मंगळवारी सकाळी सातला हत्यारांची पेटी घेऊन पुन्हा दारात! म्हणाला, “मी तिच्यासाठी आलो नाही. मशीन वाकडं लागलेलं मला बघवत नाही.”

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझं अंगण खरंच वाकडं निघालं. दादाने पाण्याची पातळी बघायची नळी चारही अंगांनी लावली. एका चाकाखाली फरशीचा तुकडा, दुसऱ्याखाली पत्रा, तिसऱ्याखाली माझी पाटी, जिच्यावर मी गिऱ्हाइकांची मापं लिहिते. कपाटाबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक चिमणीने मुद्दाम त्याच्या समोर ठेवलं. त्याने ते उचललं आणि चौथ्या चाकाखाली घातलं. “पुस्तक वाचून मशीन लावणारा मेकॅनिक आणि पुस्तक वाचून पोहणारा माणूस, दोघंही बुडतात.”

आणि बोलणं? ते सगळं माझ्यामार्फत. मधे दोन हातांचं अंतर नाही, पण मधे मी.

“तिला सांग, पाना दे.”

“त्यांना विचार, कितीचा.”

“तिला सांग, चौदाचा.”

“त्यांना सांग, चौदाचा त्यांच्याच खिशात आहे.”

“अरे, मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?” मी ओरडले. दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मीच बिघडवतेय सगळं!

पण खोटं कशाला बोलू, दादाचा हात लागला की वस्तू सरळ होते. दाराला त्याने चारी कडांनी कागदाची पट्टी लावून बघितली. वरच्या कोपऱ्यात कागद सहज निघाला. तो असा दचकला, की जणू विंचू दिसला. बिजागऱ्या सैल केल्या, दार केसभर उचललं, कडी आवळली, दाराच्या पट्टीखाली आणखी एक पट्टी चिकटवली. पुन्हा कागद. पुन्हा आवळणी. दुपारपर्यंत अंगणात कॅलेंडरचे तुकडे पडले होते आणि दार असं बसलं होतं, की लावताना आतली हवा ‘हुप्’ म्हणायची. चिमणी मला म्हणाली, “त्यांना सांग, दार छान बसलंय.” मी सांगितलं. “हं,” म्हणाला आणि उगाचच दार दोनदा उघडून लावलं.

मग सुरू झाले कपाटाचे लाड. चिमणीने आत तापमान बघायला लांब तारांचा काटा आणला, एक तार कोंबडीत खुपसायची आणि एक जाळीला लटकवायची. कोळशावर हळू वारा घालणारा चिमुकला पंखा आणला. लटकवायला आकडे, राख काढायला ट्रे, कोपरापर्यंतचे हातमोजे. दादाने स्वतःच्या डोक्याने भर घातली. दार उघडलं की आत दिवा लागला पाहिजे! “फ्रिजमध्ये लागतो, मग यात का नाही?” मी म्हटलं, “अरे, त्यात गारवा असतो, यात आग असणार आहे.” तर म्हणे, “हा उलटा फ्रिज आहे. बाकी सगळं तेच.” बसवला दिवा. आणि माझ्याकडून कपाटाला कोट शिवून घेतला, पावसापाण्यासाठी. मी टेप घेऊन त्याची छाती, कंबर, उंची मोजली. तीस वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, जे माप देताना पोट आत ओढत नव्हतं.

बुधवारी रिकामं कपाट पेटवायचं होतं. नव्या पत्र्याला आतून तेल चोळून चार-पाच तास तापवलं, की कारखान्याचा वास जातो आणि पत्रा पक्का होतो. पहिल्या अर्ध्या तासात दिव्याचं कव्हर वितळून मेणासारखं खाली आलं आणि बल्ब ‘टप्’ करून फुटला. “बल्ब हलका निघाला,” दादा म्हणाला. चिमणीने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हसत होते ते मी बघितले. ती चिमट्याने तो सगळा चिकटा खरवडून काढत बसली आणि चार तासांचे मग सहा झाले. बाकी सगळं झकास. काटा एका जागी उभा, आणि वरच्या चिमणीतून बारीक, निळसर धुराची रेघ.

दादा त्या रेघेकडे बघत राहिला. किती वेळ! मला वाटलं, माणूस खूश झालाय. शेवटी खाकरून म्हणाला, “बघितलंस? वरून गळतंय.”

मी शिवणकाम करणारी बाई, मला काय कळतंय? मी म्हटलं, “हो का?” ही माझी चूक. तिथेच त्याला हटकायला हवं होतं.

गुरुवारी चिमणी खाटकाकडे माल ठरवायला गेली. तेवढ्यात दादाने आपला डाव साधला. पोलादी पत्र्याची गोल चकती कापली, तिला कडेने पट्टी लावली आणि कपाटाच्या आतून, वर, चिमणीच्या भोकावर अशी बसवली की बाहेरून काही पत्ता लागू नये. मग दादा घरी जाऊन चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला, असं वहिनीने नंतर सांगितलं. त्याला वाटलं, लेकीच्या कपाटातली चोरी पकडली.

शुक्रवारी रंगीत तालीम. सहा कोंबड्या सकाळी आत गेल्या. तासाभराने चिमणी अंगणात फेऱ्या मारायला लागली. धूर वर येत नव्हता. कोळसा जळायचा नाही, विझायचाही नाही, नुसता धुमसत होता. तिने खालच्या झडपा उघडल्या, पंखा वाढवला, चिमणीची टोपी फिरवून बघितली. दुपारी दार उघडलं तेव्हा आतून असा काळा लोट आला की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. कोंबड्या डांबरासारख्या. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि नळाकडे पळाले. कडूजहर!

चिमणीने वर हात घातला, चाचपलं आणि ती चकती काढली. आत येऊन माझ्या कापड कापायच्या टेबलावर ठेवली. काम इतकं सुबक, की राग यायच्या आधी कौतुकच वाटावं. मग माझी इस्त्री मागितली आणि ऑफिसचे कपडे काढून इस्त्री करत बसली. शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, सोमवारचे कपडे.

माझं डोकं फिरलं. लावला फोन.

“दादा, चिमणी का बंद केलीस तू?”

“मी कुठे बंद केली? तीच बोलत नाही.”

“अरे ती नव्हे! कपाटावरची!”

“ती होय? ती बंदच पाहिजे. गळत होती.”

“इकडे ये. आत्ताच्या आत्ता!”

आला. मी दारातच गाठला. माझी सगळी चार महिन्यांची वाफ त्या वेळी बाहेर पडली. “मुद्दाम केलंस! रविवार बुडावा, पोरीने नाक मुठीत धरून सोमवारी ऑफिसात जावं, म्हणून केलंस! बाप आहेस की वैरी?”

दादाचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, असा चेहरा नव्हता कधी बघितला. “मी?” म्हणाला. “मी चालू मशीन मुद्दाम बिघडवीन? मुलीशी चार महिने बोललो नाही, ती माझी चूक असेल. पण मशीनशी कधी खोटं वागलो नाही.”

मला माझं बोलणं टोचलं. पण दादा तो दादाच! पुढच्याच क्षणी टेबलावरची चकती उचलली. “आणि बसवलंय ते बरोबर बसवलंय. कडू लागत असेल तर तो मसाल्याचा दोष. चल, दाखवतो.” तरातरा अंगणात गेला, निवलेल्या कपाटात चकती पुन्हा आतून बसवली, दार लावलं. लागेल ती हवा खालून येते, वरून कमावलेली ऊब फुकट का घालवायची, वगैरे वगैरे. पालथ्या घड्यावर पाणी. “तिला सांग, म्हणावं—”

“एक्स्चेंज बंद,” मी म्हटलं. स्टूल घेऊन अंगणात बसले, एका पडद्याची कड दुमडायला घेतली आणि तोंडात एकदम दहा-बारा टाचण्या धरल्या. आता बोलायची सोयच नाही.

दादाने दाराची परीक्षा घ्यायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. आठवडाभरात सगळ्या पट्ट्या संपल्या होत्या. “तिला सांग, कागद आण,” तो म्हणाला. मी ओठ दाखवले. टाचण्याच टाचण्या.

चिमणी इस्त्री सोडून मागच्या दारात आली होती, तिने ऐकलं. माझ्या टेबलावरच्या कापड बेतायच्या कागदाची एक लांब पट्टी फाडली, कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीने त्यावर भराभर काहीतरी लिहिलं. मग स्वतःच कपाटाचं दार उघडलं, पट्टी अर्धी आत अर्धी बाहेर ठेवली, दार लावून कडी आवळली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. लिहिलेली बाजू दाराकडे. दादाला वाटलं, नुसता कागद आहे.

त्याने ओढला. कागद हलला नाही. “बघ!” म्हणाला माझ्याकडे बघून. आणखी जोरात ओढला. दार तसूभर हलेना, कागद मात्र टरकन फाटला. अर्धा तुकडा हातात आला. दादा छाती पुढे काढणार, तेवढ्यात त्याची नजर अक्षरांवर गेली.

त्यावर दोनच शब्द होते. ‘बाबा, चिमणी’

बाकीचं वाक्य आत. त्याने तुकडा उलटा करून बघितला, मागे कोरा. दार उघडून उरलेला कागद काढता आला असता. त्याचा हात कडीपर्यंत गेलाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या घट्ट धरल्या. देवाशपथ, तेव्हा माझ्या तोंडात त्या नसत्या तर मी काहीतरी बोलून बसले असते आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं.

दादाने हात खाली घेतला. लेकीकडे वळला.

“चिमणीचं काय?” त्याने विचारलं.

चार महिन्यांनंतरचे ते पहिले शब्द. पोरगी खमकी.

“घुसमटतेय,” ती म्हणाली.

कुठली चिमणी, ते मलाही कळेना. मग तीच भडाभडा बोलत सुटली. “बाबा, तुमच्या खोलीत गारवा एकदा भरला की झालं. यात धूर सारखा नवा होत राहतो. खालून आला की वरून जायला पाहिजे. जुना कोंडून राहिला की शिळा होतो, कडू होतो, मालावर काळा बसतो. दार घट्ट पाहिजे, ते तुम्ही असं केलंत की मला सात जन्मांत जमलं नसतं. पण वरचं भोक गळती नाही हो. ती वाट आहे.”

दादा हातातल्या कागदाकडे बघत होता. “बटाटा,” तो म्हणाला.

“काय?”

“बटाट्याची खोली. तिला रोज सकाळी वरची झडप उघडून हवा द्यायचो. अडतीस वर्षं, रोज. बटाटा बंद खोलीतही श्वास घेतो. झडप उघडली नाही की माल आतल्या आत घुसमटतो. बाहेरून बघावं तर छान, थंडगार. कापला की आत काळा.” त्याने तो तुकडा खिशात ठेवला. “मला आठवायला पाहिजे होतं.”

मी टाचण्या काढल्या. “किती दिवसांत काळा पडतो रे?”

“चार-पाच दिवसांत.”

“आणि चार महिन्यांत?”

त्याने चौदाचा पाना खिशातून काढला, दार उघडलं आणि वाकून आत शिरला. आतून आवाज आला, “चिमणी, बॅटरी धर गं.” ती धावली. मी आपली पडद्याची कड दुमडत बसले. ती कड नंतर सगळी उसवावी लागली, डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.

शनिवारी पुन्हा तालीम झाली आणि दोघांनी बोलून बोलून माझं डोकं उठवलं. चार महिन्यांची थकबाकी! वारा कुठून, झडप किती, लाकूड ओलं की सुकं. वहिनीही आली. ती आणि मी चहा घेत बसलो आणि एकमेकींना म्हणालो, गप्प होते तेच बरं होतं.

रविवारी पहाटे कपाट पेटलं. तीस कोंबड्या आत, दादा शेजारी खुर्ची टाकून बसला. दाराची पट्टी अशी बसली होती की एका टोपलीभर कोळशावर काटा सकाळभर हलला नाही. वर चिमणीतून निळसर रेघ जात होती आणि दर दहा मिनिटांनी दादा मान वर करून तिच्याकडे बघायचा. सवय हो! एकदा त्याचा हात आपोआप वर गेला. चिमणी नुसती “बाबा” म्हणाली, आणि हात खाली आला.

साडेबाराला तिने दार उघडलं. बदामी रंगाच्या, चकचकीत कोंबड्या. गॅरेजवाल्याची माणसं दारात गाडी घेऊन उभी होती. तरी चिमणीने आधी एक तुकडा तोडून दादाच्या हातावर ठेवला. “कडू आहे का बघा.”

दादा चावत राहिला. चिमणी, वहिनी आणि मी, तिघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने गिळलं. डोळे काठोकाठ भरले. मला कसंतरी झालं. म्हटलं, आपणच वाट करून द्यावी बिचाऱ्याला. “धूर गेला असेल डोळ्यांत.”

“धूर कसा जाईल?” दादा उसळला. गालावरून पाणी ओघळत होतं ते पुसलंसुद्धा नाही. “माझं कपाट गळत नाही!”

साठ माणसांनी कोंबड्यांची हाडंसुद्धा स्वच्छ करून ठेवली, असं गॅरेजवाला संध्याकाळी स्वतः सांगून गेला. पुढच्या महिन्याची तारीखही देऊन गेला.

सोमवारचं मला वहिनीने सांगितलं. चिमणी पहाटेच कपाट धुवायला माझ्याकडे आली होती आणि फोन तिकडे घरीच विसरली होती. हो, रविवारी ती बॅग घेऊन स्वतःच्या घरी गेली होती, ते सांगायचं राहिलंच. सकाळी दहाला तिच्या ऑफिसच्या साहेबांचा फोन आला आणि दादाने उचलला. वहिनी भाजी चिरत ऐकत होती. दादाच्या खिशात नव्या पट्ट्या भरलेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तो फाटका तुकडाही होता. तो मात्र दादा कुठल्याच दाराला लावत नाही.

साहेबांनी विचारलं, मुलगी घरी आहे का, येतेय का आज?

“नाही,” दादा म्हणाला. “ती कामावर गेलीये.”